घरखर्चाची पाकिटं: पगाराआधीची तयारी, आणि आठवं पाकीट

येत्या १ तारखेपासून घरखर्चाची पाकिटं करायची, म्हणजे महिन्याचे पैसे खर्चागणिक वेगवेगळ्या पाकिटांत वाटून ठेवायचे, असं ठरवलं असेल, तर त्याच्या आधीचा एक रविवार मोकळा ठेवा. पगाराच्या दिवशी बसू नका. त्या दिवशी हातात पैसे असतात, पण यादी नसते, आणि मग जे आठवेल त्याचीच पाकिटं होतात. मी तसंच केलं होतं. किराणा, भाजी, दूध, वीज-गॅस, प्रवास, औषधं, किरकोळ अशी सात पाकिटं केली, डिसेंबरपासून मेपर्यंत नेटाने चालवली, आणि जूनमध्ये पाटल्या गहाण ठेवायची वेळ आली. आठवं पाकीट केलंच नव्हतं. वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांचं.

वही-पेन वगैरे सांगत बसत नाही. पहिलं काम म्हणजे बँकेच्या व्यवहारांचं १२ महिन्यांचं स्टेटमेंट काढा. तीन महिन्यांचं नाही, १२ महिन्यांचं. मी सप्टेंबर ते नोव्हेंबर एवढंच पाहिलं. त्यात ना घरपट्टी, ना विमा, ना शाळेची फी. दिवाळी होती, पण ती बोनसमधून निघाली म्हणून तीही सोडून दिली. रोखीचे खर्च स्टेटमेंटमध्ये दिसत नाहीत, म्हणून कॅलेंडर समोर घेऊन एकेक महिना आठवा आणि घरातल्या सगळ्यांना विचारा. स्कूटरच्या विम्याची तारीख ह्यांनाच ठाऊक होती, मला नव्हती.

आता रोजच्या पाकिटांचं. दूध, प्रवास, औषधं यांत विशेष काही नाही. गेल्या महिन्यांची सरासरी काढा. घराचा हप्ता खात्यातून परस्पर जातो, तो तिथेच राहू द्या. भाजीची रक्कम मात्र महिन्याची एकत्र ठेवू नका. आम्ही नाशिकला बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात जातो, म्हणून मी बुधवार मोजते. काही महिन्यांत पाच बुधवार येतात. चारच धरले की शेवटच्या आठवड्यात किराण्याच्या पाकिटात हात जातो, आणि एकदा तो गेला की पुढे सगळीच पाकिटं एकमेकांचं देणं लागतात. विजेचंही १२ महिन्यांच्या बिलांवरूनच ठरवा. महावितरणचा दर १०० युनिटनंतर चढतो, ३०० नंतर आणखी. एप्रिल-मेत कूलर चालला की बिल वाढतं ते युनिटमुळेही आणि दरामुळेही. थंडीतलं बिल बघून रक्कम ठरवली तर उन्हाळ्यात पाकीट कमी पडणारच.

नाशिककरांनी पाहुण्यांचं पाकीट वेगळं ठेवायलाच हवं. पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर, दर्शनाला आलेली माणसं आपल्याकडे उतरतात, उतरावीतच, पण त्यांचा रिक्षाभाडं, जेवणखाण, निघताना ओटी असा खर्च किराण्यात लपतो. २०१५च्या सिंहस्थात आमच्याकडे महिन्याचा किराणा पंधरा दिवसांत संपला होता. २०२७च्या सिंहस्थासाठी आत्तापासून दरमहा थोडे बाजूला टाका.

आता आठवं. जेवढं शांतपणे सांगता येईल तेवढं सांगते. पुढचा सगळा मजकूर वाचला नाही तरी चालेल, हा वाचा. आमचा हिशेब असा आहे: घरपट्टी-पाणीपट्टी ५,४००, आरोग्य विमा १९,८००, स्कूटरचा विमा १,८०० आणि सर्व्हिसिंग ४,०००, जूनमधली फी, गणवेश, वह्या-पुस्तकं मिळून १६,०००, वर्षाचा गहू-तांदूळ, लाल तिखट, मसाला आणि उन्हाळी कांद्याचं पोतं १३,०००, दिवाळी १८,०००, लग्नाचे आहेर ६,०००. बेरीज ८४,०००. भागिले १२, म्हणजे महिन्याला ७,०००. हे ७,००० आधी काढायचे. किराण्याच्या आधी, भाजीच्या आधी, सगळ्याच्या आधी. उरलं तर टाकू असं म्हणालात तर ते पाकीट रिकामं राहील. माझं तर नव्हतंच.

आणि ज्यांची सुरुवात वर्षाच्या मधूनच होते त्यांनी नुसतं १२ने भागून थांबू नये. हे मला नंतर आकडे मांडल्यावर कळलं. मी डिसेंबरपासून दरमहा ७,००० टाकले असते, तरी १ जूनपर्यंत सात वेळचे मिळून ४९,००० झाले असते. त्यातून एप्रिलच्या घरपट्टीचे आणि मेमधल्या धान्य-मसाल्याचे मिळून १८,४०० गेले की उरतात ३०,६००. जूनमध्ये फी आणि आरोग्य विमा मिळून लागतात ३५,८००. तरीही ५,२०० कमीच, आणि यात लग्नसराईतले आहेर धरलेले नाहीत. म्हणून पहिल्या वर्षी प्रत्येक खर्चाची तारीख लिहा आणि तिथपर्यंत जेवढे महिने उरलेत तेवढ्यांनीच भागा. विम्याचे १९,८०० सात महिन्यांत जमवायचे म्हणजे महिन्याला साधारण २,८३०. आकडा जड वाटेल. वाटू द्या. आताच भाजीतून, हॉटेलातून काय कमी होतं ते बघा, जूनमध्ये बघायला वेळ नसतो.

फी थोडी थांबली असती, शाळेला विनंती करता आली असती. विमा थांबवण्यासारखा नव्हता. वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीला तारीख उलटल्यावर हप्ता भरायला सवलतीचे ३० दिवस मिळतात, पण त्या दिवसांत दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर तो खर्च आपल्याच अंगावर. आणि तेही दिवस गेले की पॉलिसी बंद, मग नव्याने घेतली तर आधीच्या आजारांची थांबायची मुदत, म्हणजे ज्या काळात त्या आजारांचा खर्च विमा देत नाही ती, पुन्हा पहिल्यापासून. ह्यांना रक्तदाब आहे. त्यांची ती मुदत संपायला थोडेच महिने राहिले होते, ते घालवायचे नव्हते. म्हणून पाटल्या गेल्या. दिवाळीच्या बोनसमधून सोडवल्या, पण व्याज गेलं ते गेलंच. त्या व्याजाची पावती मी आठव्या पाकिटाच्या यादीला टाचून ठेवली आहे.

आठव्याचे पैसे घरात रोख ठेवू नका. वेगळं बचत खातं उघडा, ते फोनला जोडू नका आणि त्याचं कार्ड पर्समध्ये ठेवू नका. पोस्टाची आवर्ती ठेव चांगली असते, पण ती पाच वर्षांची, दर जूनला लागणाऱ्या पैशांसाठी नाही. भिशीतही घालू नका. तुमचा नंबर ऑक्टोबरात लागला तर जूनचं काय करणार? पॉलिसी, घरपट्टी, स्कूटर यांच्या तारखा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहा, एक महिना आधीच्या पानावरही लिहा.

फोनवरून स्कॅन करून पैसे देताना एक पथ्य पाळा. भाजीला १२० स्कॅन केले तर त्याच संध्याकाळी भाजीच्या पाकिटातून १२० काढून 'बँकेत परत' अशा वेगळ्या पाकिटात टाका. नाहीतर पाकीट भरलेलं दिसतं आणि खातं रिकामं असतं. उद्या करू म्हणू नका, चार दिवसांनी आठवत नाही.

बाकी थोडक्यात. १ तारखेला आधी आठवं, मग बाकीची. दर रविवारी दहा मिनिटं मोजणी. एका पाकिटातून दुसऱ्यात पैसे घेतले तर पाकिटावर तारीख आणि रक्कम. आठव्यातून उसने घ्यायचे नाहीत, दोन दिवसांसाठीसुद्धा नाहीत. किरकोळचं संपलं तर संपलं. महिनाअखेरीला जे उरेल ते आठव्याच्या खात्यात. आणि एप्रिलमध्ये घरपट्टी लगेच भरून टाका, लवकर भरणाऱ्यांना महापालिका सवलत देते.