दोन क्षमता एकत्र आल्या की कुठली चालते? डी अँड डीच्या लढाईचा चार रकान्यांचा हिशेब

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या माडीवर रविवारी दुपारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा, म्हणजे पात्रं घेऊन फाशांवर गोष्ट खेळायच्या ‘डी अँड डी’चा अड्डा बसतो. मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि पंचसुद्धा. मोहीम घरचीच आहे: खानापूरच्या पुढचं भीमगडाचं जंगल आणि त्यातल्या बारापेडेच्या गुहा. गुहांमधली वटवाघळं खरी, ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस, माझे. प्रत्येक खेळाडूचं एक पात्र आणि पात्राचा एक पेशा, म्हणजे क्लास. निपाणीहून मावसभाऊ येतो, त्याचा बार्बेरियन, म्हणजे रानटी योद्धा, मल्लाप्पा. भाचीची ‘रोग’ (आजार नव्हे, लपूनछपून मारणारी चोरटी), टिळकवाडीच्या मित्राचा क्लेरिक (पुजारी), आणि चिकोडीचा एक विझार्ड (जादूगार), जो रंगात आला की मराठी सोडून कन्नडात ‘इदु नन्न पाळी’ म्हणतो. पाळी हा शब्द दोन्ही भाषांत सारखाच, त्यामुळे पाळी कुणाची यावरून आमच्यात कधी वाद झाला नाही. बाकी सगळ्यावरून झाला.

वाद बहुधा एकाच जातीचे असतात. प्रत्येक क्षमता पुस्तकात सुटी सुटी लिहिलेली असते आणि सुटी वाचली की सोपी वाटते. दोन एकदम लागू झाल्या की कुणी म्हणतो बेरीज, कुणी म्हणतो नाही, आणि तोवर चहा गार होतो. बरेच रविवार असे घालवल्यावर मला एक गोष्ट उमगली. लढाईच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर बसणाऱ्या क्षमता एकमेकींच्या वाटेत येत नाहीत. एकाच टप्प्यावर दोन आल्या, तरच नियम उघडून बघायचा. म्हणून पाठकोरा कागद घ्या, आडवा धरा आणि चार रकाने आखा: पाळी, नेम, मार (वाराचे फासे किती) आणि झळ (त्यातलं खरं लागलं किती).

त्याआधी पुस्तकाचं साल विचारा

हा खेळ पहिल्यांदा १९७४ साली आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो रचला. सध्या बहुतेक ठिकाणी पाचवी आवृत्ती खेळतात, पण तिचेही दोन अवतार आहेत: २०१४चा आणि सुधारलेला २०२४चा. एकाच टेबलावर दोन्ही उघडले की भांडण ठरलेलंच. साधं औषध पिण्याचं बघा. २०१४मध्ये हीलिंग पोशन प्यायला पूर्ण ॲक्शन, म्हणजे पाळीतलं मुख्य काम, जाते, २०२४मध्ये बोनस ॲक्शन, म्हणजे वरचं छोटं काम, पुरते. फायटरच्या ‘ॲक्शन सर्ज’ने जास्तीची ॲक्शन मिळते. २०१४मध्ये तिच्यावर दुसरा मंत्र टाकता येतो, २०२४मध्ये त्या ॲक्शनला मंत्राची मुभा नाही.

पुस्तकं विकत घ्यायलाच हवीत असं नाही. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले, ते उतरवून घ्या. आम्ही २०१४वर खेळतो, आणि खालचा हिशेब, वेगळं म्हटलं नसेल तिथे, त्याचाच.

पहिला रकाना: पाळी

एका पाळीत एक ॲक्शन, चालणं, आणि एखादी क्षमता देत असेल तर एक बोनस ॲक्शन. याशिवाय एक रिॲक्शन, जी दुसऱ्याच्या पाळीतही वापरता येते आणि तुमची पुढची पाळी सुरू झाली की परत मिळते. प्रत्येक क्षमतेच्या नावासमोर ती यातलं काय खर्च करते ते लिहा. दोघींना एकच गोष्ट खर्चायची असेल तर एकच चालेल. रोगने ‘अनकॅनी डॉज’ वापरून घाव अर्धा केला की रिॲक्शन संपली. ओगर निघून जाताना तिला मागून वार करता येणार नाही.

इथे एका शब्दाकडे डोळे फाडून बघा. ‘पाळीत एकदा’ आणि ‘फेरीत एकदा’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. फेरी म्हणजे सगळ्यांच्या पाळ्या एकदा होणं. रोगचा ‘स्नीक अटॅक’, म्हणजे माराला जास्तीचे फासे देणारा दगाबाज वार, पाळीत एकदा आहे. म्हणजे स्वतःच्या पाळीत एकदा मारून झाल्यावर शत्रूच्या पाळीत रिॲक्शनने वार करायची संधी आली आणि अटी जुळल्या, तर पुन्हा मिळतो. भाचीला हे कळलं त्या रविवारी ती घरी जायला तयारच नव्हती.

उलट ‘एक्स्ट्रा अटॅक’, म्हणजे जास्तीचा दुसरा वार, फक्त स्वतःच्या पाळीतल्या अटॅक ॲक्शनला लागू. रिॲक्शनचा वार एकच. दोन क्लासांतून दोन ‘एक्स्ट्रा अटॅक’ आले तरी वार तीन होत नाहीत.

दुसरा रकाना: नेम

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

ॲडव्हांटेज म्हणजे वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा, डिसॲडव्हांटेज म्हणजे लहान घ्यायचा. लागायला ११ किंवा जास्त हवे असतील तर साध्या फेकीत शक्यता ५० टक्के, ॲडव्हांटेजने ७५, डिसॲडव्हांटेजने २५. मात्र ॲडव्हांटेजवर ॲडव्हांटेज चढत नाही. तीन कारणांनी मिळालं तरी फासे दोनच. आणि एका बाजूला तीन कारणं, दुसऱ्या बाजूला एकच असलं तरी दोन्ही फिटतात आणि फेक साधी होते. इथे मतमोजणी नाही.

आता आमच्या टेबलावरचा प्रसंग सांगतो. मल्लाप्पाने बेभान हल्ल्याची, म्हणजे ‘रेकलेस अटॅक’ची घोषणा केली, पहिल्या वाराऐवजी ओगरला ढकलून आडवा पाडला आणि दुसऱ्या वाराला कुऱ्हाड चालवली. आडव्या पडलेल्यावर पाच फुटांच्या आतून वार केला तर ॲडव्हांटेज असतंच. म्हणजे बेभान होऊन पदरात काही पडलं नाही. उलट मल्लाप्पाच्या पुढच्या पाळीपर्यंत त्याच्यावर वार करणाऱ्या प्रत्येकाला ॲडव्हांटेज. पाडायचंच होतं तर बेभान व्हायची गरज नव्हती.

मग भाचीची पाळी. ती चाळीस फुटांवरच्या खडकामागून बाण मारणार. आडव्या पडलेल्यावर लांबून मारलं की डिसॲडव्हांटेज, आणि डिसॲडव्हांटेज असेल तर ‘स्नीक अटॅक’ नाही.

‘मामा, मल्लाप्पा त्याच्या बाजूलाच हाय की! पुस्तकात लिवलंय, सोबती बाजूला असला की चालतंय.’

‘पुढचं वाक्य वाच.’

तिने वाचलं. डिसॲडव्हांटेज नसेल तरच, असं तिथे होतं. तोंड पाडून ती फासा उचलणार तेवढ्यात क्लेरिकवाला म्हणाला, ‘पण ती लपलेली आहे ना?’ लपून मारलं की ॲडव्हांटेज. ॲडव्हांटेज आणि डिसॲडव्हांटेज फिटले, आणि नियमाच्या भाषेत आता तिच्याकडे दोन्हीपैकी काहीच नाही. फेक साधी. सोबती ओगरच्या शेजारी आहे, डिसॲडव्हांटेज उरलेलं नाही, म्हणजे ‘स्नीक अटॅक’ परत लागू. लपण्याने नेम सुधारला नाही, पण तीन फासे जास्तीचे मिळवून दिले. दोन क्षमता एकमेकींना खातात आणि त्यातून तिसरी मोकळी होते, असं या खेळात वरचेवर होतं. म्हणून फिटवाफिटव आधी करा आणि अटी मागाहून तपासा.

बेरजेचं सूत्र सोपं आहे: नाव वेगळं तर चढतं, नाव तेच तर नाही. क्लेरिकचा ‘ब्लेस’ नेमात चार बाजूंचा फासा मिळवतो. दोन क्लेरिकांनी तोच मंत्र टाकला तरी फासा एकच. ‘ब्लेस’ आणि बार्डचं ‘इन्स्पिरेशन’ मात्र दोन्ही मिळतात. ॲडव्हांटेजने दोनदा पडतो तो वीस बाजूंचा फासा, ‘ब्लेस’चा नाही.

आर्मर क्लासला, म्हणजे वार लागायला नेमाच्या फेकीने गाठायच्या आकड्याला, वेगळा न्याय आहे. तो काढायची रीत एका वेळी एकच वापरायची. मल्लाप्पा उघड्या अंगाने लढतो: १० अधिक चपळाईचे २ अधिक काटकपणाचे ३, झाले १५. विझार्डने मोठ्या प्रेमाने त्याच्यावर ‘मेज आर्मर’ टाकला: १३ अधिक २, तेही १५. मंत्र वाया. ढाल उचलली असती तर मात्र २ मिळाले असते, कारण ढाल ही रीत नव्हे, वरची भर आहे.

तिसरा रकाना: मार

हा लवकर आटपतो. फाशावर नैसर्गिक २० आला की माराचे सगळे फासे दुप्पट, ठरलेला आकडा नाही. याला क्रिटिकल म्हणतात. पाचव्या पातळीच्या रोगच्या रेपियरचा (सडपातळ तलवारीचा) ‘स्नीक अटॅक’सह मार एक आठ-बाजूंचा, तीन सहा-बाजूंचे आणि वर ४ असा असेल, तर क्रिटिकलला दोन, सहा आणि वर ४च. ‘स्नीक अटॅक’चे फासेही दुप्पट होतात, हे डीएमने कितीही नाक मुरडलं तरी.

चौथा रकाना: झळ

किराणा दुकानात पन्नास रुपयांची सूट कर लावण्याआधी वजा केली की नंतर, यावर बिल बदलतं. इथेही तसंच. आधी ठरलेल्या आकड्याची वजाबाकी, मग रेझिस्टन्स (त्या माराला अंगची दाद न देणं) असेल तर अर्धं, मग व्हल्नरेबिलिटी (त्या माराने जास्त दुखावणं) असेल तर दुप्पट. अपूर्णांक आला तर नेहमी खाली. दोन ठिकाणांहून रेझिस्टन्स मिळाला तरी अर्धं एकदाच. मात्र ‘अनकॅनी डॉज’ हा रेझिस्टन्स नव्हे, वेगळी क्षमता आहे. दोन्ही असलेल्याला २२चे ११ आणि ११चे ५ लागतात.

हिट पॉइंट म्हणजे पात्राचा जीव किती उरला त्याचा आकडा. टेम्पररी हिट पॉइंट, म्हणजे त्यावरचे तात्पुरते, या हिशेबाच्या अगदी शेवटी. ओगरच्या सोट्याने १७चा मार दिला, मल्लाप्पा संतापात म्हणजे ‘रेज’मध्ये होता, म्हणून त्याला या माराला रेझिस्टन्स होता, आणि अंगावर ५ टेम्पररी होते. बरोबर हिशेब: १७चे अर्धे ८, त्यातले ५ टेम्पररीतून गेले, खरे गेले ३. मावसभावाने आधी ५ वजा केले, राहिलेल्या १२चे अर्धे करून ६ खोडले आणि स्वतःचंच नुकसान करून घेतलं. अर्धा तास वाद घालून तो स्वतःच्या विरुद्ध भांडत होता. आणि हो, टेम्पररीवर टेम्पररी चढत नाहीत. जुने ठेवा नाहीतर नवे घ्या.

झळ लागली की एक प्रश्न विचारायचा राहून जातो: कुणी मंत्र धरून ठेवलाय का? कॉन्सन्ट्रेशनचा, म्हणजे लक्ष देऊन टिकवून धरायचा, मंत्र एका वेळी एकच, आणि मार बसला की काटकपणाची फेक. लक्ष्य १० किंवा लागलेल्या माराच्या निम्मं, यातलं मोठं असेल ते. दोन बाण लागले तर फेकीही दोन, बेरीज करून एक नाही. क्लेरिकचा ‘ब्लेस’ असाच धरलेला असतो, म्हणून शहाणे ओगर क्लेरिककडे आधी वळतात. संतापलेल्या बार्बेरियनला मंत्र टाकताही येत नाही आणि धरताही येत नाही, म्हणून एकाच पात्रात बार्बेरियन आणि मंत्रवाला क्लास यांची मोट बांधण्याआधी विचार करा.

अडलंच तर

कॅरममध्ये सोंगटी घेतली की गुण, हा सर्वसाधारण नियम. राणीला मात्र कव्हर लागतं, आणि तिथे कुणी सर्वसाधारण नियम पुढे करत नाही. इथेही खास नियम सर्वसाधारण नियमावर मात करतो. तरीही अडलं, तर आमच्याकडे दोन मिनिटं. तेवढ्यात सापडलं नाही तर डीएम ठरवेल, निवाडा वहीत लिहिला जाईल आणि शोधाशोध खेळ संपल्यावर कुंदा खाताना. चौकाबाऱ्याचे नियम गल्लीगल्लीत वेगळे असतात, तसं आपल्या टेबलाचंही राहिलं तर बिघडत नाही. पण या रविवारी एक आणि पुढच्या रविवारी दुसरं असं नको.

त्या दिवशीची फेरी पूर्ण मांडून दाखवतो. ओगरकडे २४ हिट पॉइंट उरले होते, आर्मर क्लास ११. भाचीची साधी फेक ९, अधिक नेमाचे ७, अधिक ‘ब्लेस’चे ३, झाले १९: लागला. मार बाणाचा ४, ‘स्नीक अटॅक’चा १३, चपळाईचे ४, एकूण २१. ओगरला रेझिस्टन्स नाही, उरले ३. ओगर अर्धी चाल खर्चून उठला आणि उरलेल्या चालीत गुहेकडे पळाला. उठण्यावर वार मिळत नाही, पण हाताच्या टप्प्यातून निघाला तेव्हा मल्लाप्पाला रिॲक्शनचा वार मिळाला. एकच.

मावसभावाने दोन फासे उचलले. ‘मी बेभान झाल्तो की, दोनदा टाकणार!’

पहिला रकाना बघितला. २०१४मध्ये बेभान हल्ल्याचा फायदा त्याच पाळीपुरता, आणि ही पाळी ओगरची. २०२४चं पुस्तक असतं तर स्वतःच्या पुढच्या पाळीपर्यंत टिकला असता. एक फासा ठेवून दिला. पडले २, अधिक नेमाचे ७, अधिक ‘ब्लेस’चा १.

दहा. ओगर तीन हिट पॉइंट घेऊन वटवाघळांत शिरला, आणि मावसभाऊ गाडीला किक मारेपर्यंत नवं पुस्तक कितीला मिळतं ते विचारत होता.