सोसायटीच्या ग्रुपवर काम कसं करून घ्यायचं (भांडण न होता, किंवा निदान कमी होऊन)

आमच्या सोसायटीत ४२ फ्लॅट आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर ६८ नंबर, म्हणजे नवरा, बायको, कॉलेजातलं पोरगं, काही भाडेकरू आणि एक गृहस्थ असे की जे फ्लॅट विकून कधीच गेले पण ग्रुप काही सोडला नाही, रोज सकाळी सहाला सुविचार येतोच. मी सेक्रेटरी कसा झालो तर त्या दिवशी मीटिंगला मी गैरहजर होतो. ज्यांनी असं पद भोगलंय त्यांना जास्त सांगायला नको.

मागच्या जुलैत सातव्या मजल्यावर छताला ओल आली आणि ग्रुपवर नऊ दिवस चर्चा झाली, चारशेच्या वर मेसेज, तीन वॉटरप्रूफिंगवाल्यांची कोटेशनं, एका काकांनी ग्रुप सोडला, आणि निर्णय शून्य. त्यानंतर मी जरा शोधाशोध केली, कारण मला वाटायचं आमचीच माणसं विचित्र आहेत. तसं नाहीये. स्क्रीनवरून गट काम करायला लागला की काय होतं यावर चाळीसेक वर्षं प्रयोग चाललेत आणि आमचे नऊ दिवस त्यात जवळजवळ तसेच्या तसे सापडतात. तर जे शिकलो आणि नंतर जे करून बघितलं ते इथे लिहितोय, सोसायटी नसेल तर गणपती मंडळ धरा, गेट-टुगेदरची कमिटी धरा, ऑफिसची टीम धरा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ग्रुप हा माहिती गोळा करायला आणि कळवायला चांगला, ठरवायला वाईट, आणि वाद मिटवायला तर अजिबात नाही. आपण तिन्ही एकाच ठिकाणी करतो तिथेच गाडी अडते.

म्हणून पहिलं काम, ग्रुप वेगळे करा. मोठ्या ग्रुपला सेटिंगमधून फक्त ॲडमिनच मेसेज टाकू शकेल असं करून टाका, पाणी कधी येणार, लिफ्ट कधी बंद, मेंटेनन्सची तारीख, एवढंच. गप्पांना, सुविचारांना, पोरांच्या दहावीच्या पेढ्यांना दुसरा ग्रुप असू दे, तो बंद करू नका, लोकांची ओळख तिथेच टिकते आणि ओळख असली की कामाच्या वेळी माणूस लवकर चिडत नाही. आणि ज्या त्या कामासाठी पाच ते सात जणांचा छोटा ग्रुप, काम संपलं की तो ग्रुपही संपला. पहिल्या आठवड्यात मला 'हुकूमशाही आली' असं ऐकून घ्यावं लागलं, तुम्हालाही लागेल.

आता आकडा छोटा का, तर मी त्या जुलैत दुसऱ्याच दिवशी मोठ्या ग्रुपवर लिहिलं होतं, 'कोणीतरी वर जाऊन गच्ची बघून या प्लीज.' मेसेज इन्फोत जाऊन बघितलं तर संध्याकाळपर्यंत ५१ जणांनी वाचलेलं, अकरा अंगठे, आणि गच्चीवर कोण गेलं तर कोणी नाही. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेतकी इंजिनिअरने माणसांना दोर ओढायला लावून मोजलं होतं, १९१३ साली छापलंय ते, जितकी माणसं वाढतात तितका माणशी जोर कमी होतो. ग्रुपवर हे अजून सोपं होतं कारण दोराला हात लावल्याचं नाटकही करावं लागत नाही, अंगठा दिला की झालं. आणि अंगठ्याचा अर्थ तरी काय, वाचलं, पटलं, करतो, की विषय संपव? आमच्याकडे चारही अर्थ चालू आहेत.

तेव्हा 'कोणीतरी' हा शब्द काढून टाका. नाव घ्या, काम सांगा, दिवस सांगा. 'ए विंगचे दादा, शनिवारी दहाच्या आत गच्चीचे चार फोटो टाकाल का, जमत नसेल तर आजच सांगा म्हणजे मी दुसऱ्याला विचारतो.' हे 'आजच सांगा' महत्त्वाचं, कारण आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही, आपण 'बघतो' म्हणतो, आणि 'बघतो' म्हणजे नाही हे समोरासमोर चेहऱ्यावरून कळतं पण टाइप केलेल्या 'बघतो'ला चेहरा नसतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, जो मला सगळ्यात उशिरा कळला.

नऊ दिवस आम्ही काय बोलत होतो, तर गच्चीचं वॉटरप्रूफिंग. पहिल्या दिवशी कोणीतरी लिहिलं 'गच्ची गेली', आणि तिथून पुढे सगळे गच्चीवरच, केमिकल कोटिंग की ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, फोडून नवा, कोणाचा मेव्हणा स्वस्तात करतो, सगळ्यात वरचं कोटेशन साडेसहा लाखांचं. आणि जिच्या घरात ओल होती त्या सातव्या मजल्यावरच्या वहिनी ग्रुपवर एक अक्षर बोलल्या नव्हत्या. दहाव्या दिवशी मी त्यांना खाली लिफ्टपाशी सहज विचारलं, वहिनी, नक्की कधीपासून आहे हो? त्या म्हणाल्या, 'अहो फेब्रुवारीपासून.' फेब्रुवारीत कुठला पाऊस! म्हटलं मग ग्रुपवर का नाही सांगितलंत, तर म्हणाल्या, 'तुम्ही सगळे कोटेशनपर्यंत पोचला होता, म्हटलं तुम्हाला माहीतच असणार.'

वरच्या टाकीच्या आउटलेटचा जॉइंट गळत होता, बस. प्लंबर, नवा पाइप, थोडं प्लास्टर, अकरा हजारात काम झालं.

हे आमच्याच वाट्याचं नाही बरं का. स्टॅसर आणि टायटस या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये गटांवर प्रयोग केला, त्यात थोडी माहिती सगळ्यांना दिलेली आणि थोडी प्रत्येकाला वेगळी वेगळी, आणि सगळी एकत्र केली तरच बरोबर उत्तर निघणार. तर गट बोलत बसतो तेच जे सगळ्यांना आधीच माहीत आहे, आणि एकट्याकडे असलेली माहिती एकट्याकडेच राहते. व्हॉट्सॲपवर हे आणखी वाढतं असं माझं मत, कारण तिथे पहिला मेसेज जो येतो तो रूळ टाकतो, आणि तीनशे मेसेज होऊन गेल्यावर 'अहो पण फेब्रुवारीत...' असं लिहायला फार मोठी छाती लागते.

यावर उपाय साधा आहे. चर्चा सुरू करायच्या आधी प्रत्येकाचं वेगवेगळं मागवा, एकमेकांचं न दिसता. मी आता काय करतो, विषय आला की दोन दिवस ग्रुपवर चर्चाच करू देत नाही, सगळ्यांना सांगतो की मला पर्सनलवर पाठवा, आणि प्रश्न 'काय करायचं' असा विचारत नाही, 'तुम्ही स्वतः काय बघितलंय, कधी, कुठे' असा विचारतो. मत सगळ्यांकडे असतं, ते मागायची गरज नाही, आपोआप येतं. मग आलेलं सगळं एका मेसेजमध्ये, नाव न लिहिता, मोठ्या ग्रुपवर. संख्या जास्त असेल तर गुगल फॉर्म करा.

टायपिंगचा खरा फायदा पण इथेच आहे, तो सोडू नका. मीटिंगमध्ये एक बोलतो तेव्हा बाकीचे थांबतात आणि थांबता थांबता स्वतःचं विसरतात, डील आणि श्ट्रोब यांनी १९८७ मध्ये दाखवलं की एकत्र बसून आयडिया काढण्यात मार बसतो तो मुख्यतः या खोळंब्याने. सगळ्यांनी एकाच वेळी टाइप केलं की कोणी कोणाला अडवत नाही, आणि आमच्याकडच्या ज्या दोन-तीन मुली मीटिंगला मागच्या खुर्चीत गप्प बसायच्या त्यांनीच पर्सनलवर सगळ्यात कामाचं लिहून पाठवलं. मात्र उलटा प्रकारही आहे, सत्तरीच्या आजोबांना मराठी कीबोर्ड येत नाही, ते लिहीतच नाहीत आणि आपण समजतो त्यांना काही म्हणायचं नाही. त्यांना सांगा, माइकचं बटण दाबून व्हॉइस मेसेज पाठवा. (एक मिनिटाच्या आत, नाहीतर सगळं १९७८च्या पुरापासून सुरू होतं.)

आता काकांचं. तिसऱ्या मजल्यावरचे काका, भला माणूस, ते कोटेशनं आणायला तयार झाले म्हणून मी खरंच खुश होऊन लिहिलं, 'ठीक आहे. तुम्हीच बघा.' माझ्या डोक्यात याचा सूर असा होता की वा, सुटलो, तुमच्यावर सोपवतो. आता तुम्ही हे मोठ्याने दोन सुरांत वाचून बघा. काकांनी दुसऱ्या सुरात वाचलं आणि रात्री गपचूप ग्रुप सोडला, आणि हल्ली कोणी बाहेर पडलं की फक्त ॲडमिनलाच पटकन कळतं, त्यामुळे मला कळलं आणि बाकीच्यांना वाटलं काका आहेतच.

क्रूगर, एप्ली वगैरे मंडळींनी २००५ मध्ये हेच मोजलं होतं. लोकांना काही वाक्यं गंभीरपणे आणि काही टोमण्याने सांगायला दिली, एकदा ईमेलवर, एकदा आवाजात. आपला सूर समोरच्याला ओळखता येईल असं पाठवणाऱ्यांना दोन्हीकडे ७८ टक्के वेळा वाटत होतं. आवाजात ७३ टक्के जमलं, ईमेलवर ५६, म्हणजे छापाकाट्याच्या जरासं वर. लिहिताना आपल्याला आपलाच आवाज कानात ऐकू येत असतो, समोरच्याला तो जात नाही, हे त्याचं साधं कारण. १९८२ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात फालमन यांनी कोलन, डॅश आणि कंसाचा हसरा चेहरा सुचवला तोही याच त्रासापायी, गंमत आणि गंभीर यातला फरक तिथल्या ऑनलाइन चर्चेच्या बोर्डवर कळेना म्हणून.

मी करतो ते सांगतो. टोमणा, कोटी, 'वा वा छान' असलं काही कामाच्या ग्रुपवर नाही. 'तुम्हीच बघा'च्या जागी अख्खं वाक्य, 'काका, तुम्ही बघताय म्हणजे मला चिंता नाही, थँक्यू.' रात्री दहानंतर पैशाच्या विषयावर उत्तर नाही, सकाळी. आणि सगळ्यात उपयोगी नियम, एकाच माणसाशी दोनदा उलटसुलट झालं की तिसरं उत्तर टाइप करायचं नाही, फोन लावायचा. काकांना मी पाच दिवसांनी फोन केला, चार मिनिटात विषय मिटला, 'अरे मला वाटलं टोमणा मारलास' एवढंच ते म्हणाले, वर बटाटेवडे खायला बोलावलं. पहिल्या दिवशीच केला असता तर?

ठरवायचं कुठे, तर कॉलवर किंवा समोरासमोर. कार्नेगी मेलनमध्येच सीगल, किस्लर वगैरेंनी ऐंशीच्या दशकात बघितलंय की कॉम्प्युटरवरून टाइप करणाऱ्या गटात बोलण्यातला प्रत्येकाचा वाटा जास्त समसमान असतो पण एकमतावर यायला वेळ जास्त घेतात आणि भाषाही जास्त सुटते. आमचा एक मालक न्यू जर्सीत, एक दुबईत, म्हणून जुलैत रविवारी संध्याकाळी साडेसातला व्हिडिओ कॉल ठेवला, न्यू जर्सीत सकाळचे दहा, दुबईत संध्याकाळचे सहा, कोणाची झोप मोडत नाही. (थंडीत न्यू जर्सीतली घड्याळं तासभर मागे जातात तेव्हा परत हिशोब करा.) कॉलवर पाळी लावा, सगळ्यात गप्प माणसापासून सुरू, सेक्रेटरी आणि चेअरमन शेवटी, कारण ते आधी बोलले की बाकीचे 'हो तसंच' म्हणतात. वुली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलेलं आहे की गट किती हुशारीने काम करतो ते त्यातल्या माणसांच्या सरासरी बुद्ध्यांकापेक्षा बोलण्याची पाळी किती सारखी वाटली जाते आणि माणसं एकमेकांचा भाव किती ओळखतात याच्याशी जास्त जुळतं, नंतर नुसत्या टेक्स्टवर बोलणाऱ्या गटांतही तसंच निघालं.

पोलचं बटण दिसलं म्हणून पोल घेऊ नका. तारीख ठरवायला ठीक, पण पैशाच्या विषयावर कोणी काय मत दिलं हे त्यात सगळ्यांना नावानिशी दिसतं, मग लोक चेअरमनचं बघून दाबतात. आणि ग्रुपवरचा कौल हा काही सर्वसाधारण सभेचा ठराव नव्हे, मोठा खर्च असेल तर रीतसर नोटीस, सभा, मिनिट्स, ते सगळं लागतंच.

ॲडमिन व्हायला घाबरणाऱ्यांसाठी, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह पोस्टसाठी ॲडमिनला, त्याचा त्यात हात नसेल तर, जबाबदार धरता येत नाही. तेव्हा ते कारण नका सांगू.

कॉल संपला की पंधरा मिनिटात निर्णय लिहा, लोक चहा प्यायला उठायच्या आत, नाहीतर प्रत्येकाच्या आठवणीतला निर्णय वेगळा होतो. चार ओळी, काय ठरलं, कोण करणार, किती खर्च, कधीपर्यंत. तो मेसेज ग्रुपवर पिन करा, ३० दिवसांपर्यंत ठेवता येतो. आणि त्याचीच एक प्रिंट लिफ्टशेजारच्या फळ्यावर, कारण आमच्याकडे दोन आज्या आहेत ज्यांच्याकडे अजून बटणाचा फोन आहे, आणि पाइप बदलायच्या दिवशी पाणी बंद राहणार हे त्या दोघींना सोडून सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं.