यादीतून दर सहावं घर? नमुना निवडताना या चुका टाळा

यादीतून ठरावीक अंतराने घरं उचलायची, ही पद्धतशीर नमुना निवड. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ती सर्रास दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतही निवडलेल्या भागातल्या घरांची आधी यादी झाली आणि मग प्रत्येक भागातून 22 घरं याच रीतीने निघाली. रीत सोपी, म्हणून भागाकाराकडे कुणी धड बघत नाही. घोळ तिथेच होतो.

समजा यादीत 130 घरं आहेत, हवीत 22. भागाकार येतो 5.909. दशांश सोडून 5 धरलेत, तर बाविसावं घर फार तर 110 वं येईल. 111 ते 130 कायमची कटाप. गावच्या यादीत शेवटी अनेकदा कडेच्या वस्त्याच असतात, हे वेगळं सांगायला नको. बरं, 6 धरलेत आणि सुरुवात पाचव्या किंवा सहाव्या घरापासून झाली, तर हाती 21 च घरं!

म्हणून अंतर 5.909 च ठेवा. 0 ते 5.909 मधला एक आकडा संगणकाकडून काढून घ्या, समजा 3.27. त्यात 5.909 मिळवत जा आणि दरवेळी वरचा पूर्णांक घ्या: 4, 10, 16, 21, 27... बाविसावं घर 128 वं.

याने आणखी एक दुखणं टळतं. सोसायटीत मजल्यावर चार फ्लॅट असतील आणि अंतर 6 असेल, तर दुसऱ्यापासून निघालात की 2, 8, 14, 20, म्हणजे दरवेळी मजल्यावरचा दुसरा नाहीतर चौथाच फ्लॅट. रस्त्याकडेचे वन बीएचके सगळे पहिल्या-तिसऱ्या जागी असले, तर ते नमुन्यात येणारच नाहीत. यादीला अशी लय आहे का, हे आधी बघा.

सुरुवात 'सोयीसाठी' पहिल्यापासून नको. गुणवत्ता यादीत तसं केलंत, तर प्रत्येक गटातला सर्वांत हुशार मुलगाच उचलला जाईल.

दुबार नावं भागाकाराआधीच काढा. आणि कुलूप दिसलं म्हणून शेजारचं घर घेऊ नका, नाहीतर मजुरीला जाणारे गळतात आणि दुपारी घरी असणारेच उरतात. संध्याकाळी पुन्हा जा. तरीही कुणी भेटलं नाही, तर फॉर्मवर 'घर बंद' अशी नोंद करा.