माती जिवंत ठेवायची असेल तर या चुका टाळा

पानं पिवळी पडली की "कोणतं कल्चर (विकतचे जिवाणू) टाकू?" हा प्रश्न ठरलेला. मी उलट विचारतो, मातीत आधीच जे आहेत त्यांना खायला काय घालता? चमचाभर चांगल्या मातीत कोट्यवधी जिवाणू असतात, हजारो जातींचे. कुणी पाला कुजवतं, कुणी अमोनियाचं नायट्रेट करतं, कुणी मुळांभोवती जागा धरून रोगाच्या बुरशीला शिरू देत नाही. एक गट मार खातो तेव्हा दुसरा त्याचं काम उचलतो, पण मुळात पुष्कळ गट असतील तरच. हा गोतावळा बाटलीतून आणता येत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे लाकडाचा कच्चा भुसा मातीत कालवणं. सेंद्रिय आहे, मग चांगलाच, असं समजून मी एका वाफ्यात तो वीतभर खोल मिसळला होता. तीन आठवड्यांत खालची पानं फिकट पिवळी, वाढ ठप्प. भुशात नत्राच्या (नायट्रोजनच्या) शेकडो पट कर्ब (कार्बन) असतो, जिवाणूंच्या शरीरात मात्र हे प्रमाण साधारण 8:1. एवढा कर्ब पचवायला लागणारा नत्र त्यांनी मातीतून ओढला आणि रोपं उपाशी राहिली. मी घाबरून जाऊन युरिया टाकायची घाई केली नाही. कुजलेलं शेणखत वरून दिलं आणि थांबलो. वाफा सावरायला पुढचा हंगाम उजाडला. तेव्हापासून कच्चा भुसा फक्त वर, आच्छादन म्हणून.

दुसरी चूक, ओल्या मातीत रोटाव्हेटर. माती दाबली जाते, बुरशीचे धागे तुटतात, कणांना बांधून ठेवणारी घडण मोडते. मी वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जास्तीचं पाणी निघून माती मोकळी होईपर्यंत, मातीला हात लावत नाही. ज्यांना आजच पेरायचं असतं त्यांना हे पटत नाही, आणि पहिल्या मोठ्या पावसात त्यांच्या मातीवर पापुद्रा धरतो.

तांबंयुक्त बुरशीनाशकाची ऊठसूट आळवणी नको. तांबं कुजत नाही, साठत जातं.

स्फुरद (फॉस्फरस) भरमसाट दिला की झाड मायकोरायझाला, म्हणजे मुळांशी जोडून राहणाऱ्या उपयोगी बुरशीला, साखर पुरवणं कमी करतं.

माती उघडी ठेवू नका.

रायझोबियम, म्हणजे कडधान्यांच्या मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला देणारे जिवाणू, वापरायचंच असेल तर त्या पिकाचंच घ्या, बियाण्याला सावलीत लावा आणि फुलोऱ्याच्या सुमारास एक रोप अलगद उपटून मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर दिसलं तर नत्राचं काम चालू आहे. पांढरट किंवा करडी निघाली, तर पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, ते काम होत नाहीये.