जुनी इंग्लिश पाणचक्की बघायची कशी? (फ्लॅटफर्डला जाणार असाल तर)

लंडनहून ट्रेनने मॅनिंगट्रीला उतरायचं आणि स्टाउर नदीच्या काठाकाठाने दोनेक मैल चालायचं की आलं फ्लॅटफर्ड. चित्रकार जॉन कॉन्स्टेबलच्या वडिलांची गिरणी ती हीच, लाल विटांची, 1733ची. मी पहिल्यांदा गेले तेव्हा फोटो काढले, स्कोन खाल्ला आणि परत आले, बघितलं काहीच नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी दर्शनी भिंत सोडा आणि पाणी शोधा. अडवलेलं पाणी कुठून आत घेतलंय आणि डोहात कुठून बाहेर पडतंय ते कळलं की चाक कुठे असणार हे वेगळं सांगावं लागत नाही.

मग मान वर करा. अशा बऱ्याच गिरण्यांना छपराजवळ पेटीसारखा एक लाकडी भाग बाहेर आलेला असतो, त्याला ल्यूकम म्हणतात, पोती तिथून वर ओढायची. कारण धान्य आधी थेट माळ्यावर जातं आणि मग स्वतःच्या वजनाने खाली येतं, वर कोठ्या, मधल्या मजल्यावर जाती, तळाशी पीठ. आपल्या गिरणीसारखं एका गाळ्यात भागत नाही ते यासाठी.

फ्लॅटफर्डच्या गिरणीत आणि शेजारच्या विली लॉट नावाच्या शेतकऱ्याच्या घरात वर्षानुवर्षं निवासी अभ्यासवर्ग भरत आलेत, त्यामुळे सहसा आत सोडत नाहीत. आतलं बघायचं तर केंब्रिजशायरमधली हॉटन मिल गाठा, पण दळणाचे दिवस आधी चेक करा. तिथे मजल्यांमधल्या झडपा नीट बघा. दोन फळ्या, मधे साखळीपुरतं भोक, पोतं खालून आलं की स्वतःच डोक्याने फळ्या उघडतं आणि वर गेलं की त्या धाडकन मिटतात, माणूस लागतच नाही! जात्याची एकेक तळी (दगड) टनभराची असू शकते, म्हणून ती भिंतींवर टेकवत नाहीत, खाली स्वतंत्र दणकट लाकडी सांगाडा असतो, नाहीतर हादऱ्यांनी भिंती तडकायच्या. आणि टाकी लावायचं, म्हणजे दगडाला खाचा पाडायचं काम तिथेही होतंच, आपल्या जात्यासारखंच, फक्त तळी उलटवायला क्रेन.

आता फ्लॅटफर्डची घरं. ब्रिज कॉटेज आणि विली लॉटचं घर दोन्ही 16व्या शतकातली, म्हणजे गिरणीपेक्षा थोरली. ब्रिज कॉटेजचं छप्पर शाकारलेलं, लॉटच्या घरावर कौलं. अशा लाकडी सांगाड्याच्या घरांच्या भिंती म्हणजे चक्क कूड हो, काठ्या विणून माती, पेंढा, शेण लिंपलेलं, वरून चुना. कोकणातलं आजीचं घर बघितलेल्याला हे वेगळं शिकवायला नको.

लॉटचं घर गिरणीच्या बाजूने, पाण्यापलीकडून बघा, 1821च्या ‘द हे वेन’ चित्रात ते डावीकडे तसंच दिसतं. मग जवळ जा. ऊन तिरपं असेल तर गिलाव्याचे फुगवटे आणि खळगे उठून दिसतात. फक्त भिंत ठोकून बघू नका. मी बघितली, आणि आत उतरलेल्या एका मुलाने खिडकीतून डोकं काढून विचारलं, कोण पाहिजे?