जोडीदाराची एडीएचडी तपासणी: बरोबर जाताना

एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं किंवा चंचलपणा आवरणं अवघड करणाऱ्या स्थितीचं, निदान रक्तातून किंवा स्कॅनवरून होत नाही, सविस्तर मुलाखतीतून होतं. म्हणून जवळून पाहणाऱ्याचं म्हणणं मोलाचं. अपॉइंटमेंट घेतानाच विचारा: मोठ्यांची तपासणी करता का, जोडीदाराशी बोलता का?

मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या अमेरिकी पुस्तिकेनुसार १७ वर्षं आणि त्यापुढे एका गटातली (लक्ष न लागणं किंवा अतिचंचलता-उतावळेपणा) किमान ५ लक्षणं लागतात, घर आणि ऑफिससारख्या २ ठिकाणी तरी दिसणारी. त्यातली काही वयाच्या १२ वर्षांआधीची. घोडं अडतं ते बालपणापाशी. जुनी प्रगतिपुस्तकं शोधा, गुणांपेक्षा शिक्षकांचे शेरे वाचा. सासूबाईंना "लहानपणी काही त्रास होता का?" विचारलंत तर "छे, काही नाही" एवढंच ऐकाल. "डबा, छत्री, कंपास किती वेळा हरवायचा?" असं विचारा, मग आठवणी निघतात.

दोन आठवडे प्रसंग तारखेसह टिपा. "आळशी आहे" हे डॉक्टरांच्या उपयोगाचं नाही. "तीनदा आठवण करूनही वीजबिल राहिलं, दंड बसला" हे आहे. जमलेलंही लिहा. वही जोडीदाराला आधी दाखवा, नाहीतर केबिनमध्ये ती आरोपपत्रासारखी वाटते. डॉक्टरांनी जोडीदाराला दिलेली प्रश्नावली मात्र त्यांनाच भरू द्या.

घोरणं, अपुरी झोप, थायरॉइड, नैराश्य, दारू यांनीही लक्ष उडतं. काहीही लपवू नका.

मिथिलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध सुरू झालं तर रक्तदाब आणि नाडी तपासत राहावी लागते. ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे: प्रिस्क्रिप्शनच्या दोन प्रती लागतात, एक केमिस्ट ठेवून घेतो. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी दुकानात चौकशी करा.