‘क’ची फाइल उघडून बघा

संगणक शिकवताना मी सीपीयू (म्हणजे प्रोसेसर, आकडेमोड करणारा भाग), रॅम (तात्पुरती स्मृती) यांच्या व्याख्या पाठ करून घेत नाही. आधी नोटपॅड उघडायला लावतो. तुम्हीही उघडा.

मराठी कीबोर्ड लावून फक्त ‘क’ टाइप करा. सेव्ह करताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-8 निवडा (साधं; ‘with BOM’ लिहिलेलं नको, त्यात फाइलच्या सुरुवातीला जादा खूण येते). मग फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘साइज’ बघा: 3 बाइट्स (बाइट म्हणजे साठवण मोजायचं छोटं एकक). ‘क’ पुसून ‘की’ लिहा, पुन्हा सेव्ह करा: 6. कारण वेलांटीलाही स्वतःचा क्रमांक आहे. ‘क्ष’ तर 9 भरतो! क, हलन्त आणि ष, असे तिघं आत बसलेत. इंग्रजी अक्षराला मात्र एकच बाइट पुरतो.

म्हणजे संगणक अक्षर नव्हे, आकडा साठवतो. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, ‘क’ म्हणजे 2325. कळ दाबली की आकडा रॅममध्ये येतो, प्रोसेसर त्याच्यावर काम करतो, फॉन्ट त्याचा आकार पडद्यावर काढतो. रॅममधलं वीज जाताच पुसलं जातं, डिस्कवरचं टिकतं. म्हणून लिहिता लिहिता कंट्रोल-एस दाबायची सवय लावाच.

फोटोतही प्रत्येक ठिपका लाल, हिरव्या, निळ्या रंगाचे तीन आकडे असतो. ऑडिओ सीडीवरचं गाणं म्हणजे सेकंदाला 44,100 नोंदी. रेल्वेचं आरक्षण असो की पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने 1991 मध्ये बनवलेला महासंगणक परम 8000, आत आकडेमोडच चालते.

आता स्वतःचं नाव लिहा. किती बाइट्स होतील, हे प्रॉपर्टीज उघडण्याआधी कागदावर मांडा.